फ्रिजकाका बर्फावर गेले तेव्हा

आमच्या संस्थेच्या तळमजल्यावर एक शीतखोली होती. जाड दाराची, बिनखिडकीची, आत उणे चाळीसपर्यंत थंडी करता येईल अशी. ध्रुवाजवळच्या बर्फावर जी उपकरणं न्यायची, ती आधी या खोलीत दोन-दोन दिवस गोठवून बघायची. एका वर्षी ऐन कामाच्या वेळी खोलीने मान टाकली. काटा उणे बाराच्या खाली जाईना. ज्यांनी ती बसवली होती त्यांचा माणूस तीनदा आला, तीनदा चहा प्यायला आणि तिन्ही वेळा "पार्ट मागवावा लागेल" म्हणून गेला. शेवटी आमच्या विभागप्रमुख मॅडम वैतागल्या. म्हणाल्या, "माझ्या घराजवळ एक फ्रिजवाले आहेत. त्यांना बोलवा, काय व्हायचं ते होऊ दे."

ते आले. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, कानांवर केस पांढरे झालेले, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. कुणाशी फारसं न बोलता त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतात तसं. मग म्हणाले, "मशीन ठणठणीत आहे. दार श्वास घेतंय."

त्यांनी एक कागदाची पट्टी दाराच्या फटीत धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. तीन कोपऱ्यांत ती घट्ट बसली, चौथ्यात अलगद बाहेर आली. तिथलं रबर आतून चिरलं होतं. दुपारपर्यंत काटा उणे अडतीसवर होता.

काटा उतरायची वाट बघताना त्यांची नजर शीतखोलीबाहेर ठेवलेल्या विमानावर गेली. पांढरं, हलकं, तीन मीटर पंखांचं, आत बसायला जागा नसलेलं.

"हे कोण उडवतं?" त्यांनी मला विचारलं.

"मी," मी म्हटलं. "म्हणजे मी जमिनीवर बसते, ते एकटंच जातं. बर्फावरची हवा मोजायला."

"हवा मोजायला एवढं कशाला? थर्मामीटर टांगा की."

मी त्यांना समजावलं. जमिनीजवळ थर्मामीटर असतोच. वरची हवा बघायला फुगा सोडतात, पण फुगा एकदा सुटला की तो वाऱ्याचा. त्याला हव्या त्या जागी पाठवता येत नाही. माणसांचं विमान बर्फाच्या अगदी अंगावरून नेणं धोक्याचं. हे मात्र शंभर किलोमीटर दूर जाऊन, पाण्याला पोट लागेल इतकं खाली उतरून, पुन्हा तीन किलोमीटर वर चढतं आणि सगळीकडचं तापमान, दमटपणा, वारा मोजून परत येतं.

"परत येतं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी अगदी सहज विचारलं, पण माझा चेहरा पडला. आदल्या दोन मोसमांत आमची दोन विमानं परत आली नव्हती. दोन्ही वेळा पडद्यासमोर मीच बसले होते. वर चढता चढता विमानाचा वेग विचित्र व्हायचा, नाक खाली जायचं, आणि पडद्यावरची रेघ थांबायची. अहवालात आम्ही लिहिलं होतं, 'अचानक उठलेल्या वाऱ्यामुळे'. मला ते पटलं नव्हतं, पण दुसरं कारणही सापडत नव्हतं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि लोक आपल्याबद्दल काय बोलत असतील याच विचाराने अर्धी झाले होते.

"कधी कधी येतं," मी म्हटलं. ते काटा बघायला वळले.

त्यानंतर ते येतच राहिले. आधी शीतखोलीच्या देखभालीसाठी आठवड्यातून दोनदा, मग रोज. आम्ही त्यांना फ्रिजकाका म्हणायला लागलो आणि त्यांनीही ते नाव मुकाट्याने घेतलं. त्यांची बायको, म्हणजे काकू, एका शाळेत शिवण शिकवायच्या. एकदा त्या संस्थेत आल्या तेव्हा मॅडमनी त्यांच्यापुढे काकांचं कौतुक केलं. काकू म्हणाल्या, "हो, साऱ्या गावाचे फ्रिज यांच्या हाताखालून गेलेत. आमचा तेवढा बुक्की मारल्याशिवाय चालू होत नाही." काका खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या वर्षी मोहिमेवर जाणारा तंत्रज्ञ निघायच्या पाच आठवडे आधी जिन्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. मॅडमनी काकांचं नाव पुढे केलं. निवड समितीत चांगलीच खळबळ उडाली. वय चोपन्न, हातात दोन वर्षांच्या कारागिरी अभ्यासक्रमाचा जुना दाखला, आणि समुद्र पाहिलेला फक्त सहलीत. प्रशासन अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्हाला बर्फात कामाचा अनुभव आहे का?"

"साहेब," काका म्हणाले, "तीस वर्षं बर्फच खरवडतोय."

समितीला हसू आवरेना, आणि काकांना आपण काय विनोद केला ते कळेना. निवड मात्र झाली. घरी सांगितल्यावर काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोजे विणायला घेतले.

बोटीने तेरा दिवस. त्यातले नऊ काकांनी आडवे पडून काढले. बर्फावर उतरल्यावर ते पहिल्यांदा खाली वाकले, मूठभर बर्फ उचलला, चुरडला, फुंकरीने उडवून दिला. "कोरडा आहे," ते म्हणाले. "चांगला बर्फ." एखाद्या किराणावाल्याने डाळ पारखावी तसं.

तळावर आम्ही नऊ जण होतो. एक राहायची झोपडी, एक स्वयंपाकाची, आणि थोड्या अंतरावर एक लोखंडी कंटेनर, तोच विमानांचा कारखाना. सूर्य मावळायचाच नाही; डोक्याभोवती गोल फिरत राहायचा, त्यामुळे झोपायचं तेव्हा खिडकीला घोंगडी लावायची. दाबून सपाट केलेल्या बर्फाची एक पट्टी होती आणि तिच्या टोकाला लांब रबरी दोरांचा ताणा. विमान त्यात अडकवून मागे खेचायचं आणि सोडायचं. काकांनी त्याला पहिल्याच दिवशी नाव दिलं, गोफण. पुढे आमच्या नोंदवहीतही तेच लिहिलं जाऊ लागलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या बऱ्याच सवयी मोडल्या. पंखांच्या लहान मोटरींतलं वंगण थंडीत मेणासारखं घट्ट व्हायचं. त्यांनी ते सगळं पुसून काढलं आणि त्याच्या जागी पेन्सिलीच्या शिशाची पूड भरली. बॅटऱ्या ते उड्डाणाच्या आधी स्वेटरच्या आत, पोटाशी धरून बसायचे. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "काका, किती दिवस बसणार अंड्यांवर?" काका म्हणाले, "पिल्लू उडेपर्यंत."

पण त्यांचा सगळ्यांत मोठा हट्ट वेगळा होता. दुरुस्तीसाठी विमान गरम झोपडीत आणू द्यायचे नाहीत. आमची बोटं कंटेनरमध्ये बधिर व्हायची, तरी नाही. मोहिमेचे प्रमुख, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, तेही चिडले. काकांनी शांतपणे विचारलं, "सर, फ्रिजमधली बाटली बाहेर काढून टेबलावर ठेवली की काय होतं?"

"घाम येतो."

"मग तीच बाटली परत फ्रीझरमध्ये टाकली की?"

सरांनी विमान कंटेनरमध्येच ठेवायला सांगितलं. झोपडीत चुलीची, श्वासांची, वाळत घातलेल्या मोज्यांची ओल असायची. गार विमान आत आलं की ती त्याच्या अंगावर बसायची, आणि बाहेर नेलं की सांध्यासांध्यांत गोठायची. आम्ही सगळे पदव्या घेतलेले, हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, फक्त बोटं गार पडली की विसरायला होत होतं.

पहिल्या मोठ्या उड्डाणाच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे तपासणी करत होते. विमानाच्या नाकाजवळ एक बारीक नळी असते. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि त्यावरून विमानाला आपला वेग कळतो. ती चालते का हे बघायला मी तिच्यात हलकी फुंकर मारायची. पडद्यावर आकडा हलला की नळी ठीक. माझ्या आधीच्या पायलटने मला असंच शिकवलं होतं.

मी फुंकर मारली. आकडा हलला. काका शेजारी पोटाशी बॅटरी धरून बसले होते. थोड्या वेळाने सर झोपडीकडे गेल्यावर म्हणाले, "ताई, दहा मिनिटं थांबता? घाई नसेल तर."

"का हो?"

"काही नाही. मला एक बघायचंय."

दहा मिनिटांनी त्यांनी पिशवीतून एक केसासारखी बारीक तार काढली आणि अगदी हळू नळीत घातली. तार अर्ध्यावर अडली. त्यांनी नळी काढून माझ्या हातात दिली. मी ती उजेडाकडे धरून पाहिली. आत तांदळाच्या कणीएवढा बर्फाचा बूच बसला होता.

"तुमचा श्वास आहे तो," काका म्हणाले.

मला सगळं एका क्षणात दिसलं. नळी बुजली की विमान जसं वर चढतं तसं त्याला वाटत जातं, आपण फार वेगात आहोत. मग ते वेग कमी करतं. आणखी कमी करतं. शेवटी पंख हवेला धरू शकत नाहीत आणि ते पडतं. वर चढता चढता. दोन्ही वेळा तसंच झालं होतं. वारा नव्हता, काही नव्हतं. मी होते.

मी तिथेच खोक्यावर बसले आणि रडायला लागले. काकांनी खिशातून रुमाल काढला. "आधी डोळे पुसा," ते म्हणाले, "पापण्या चिकटतील." खरंच चिकटत होत्या.

ते शेजारच्या खोक्यावर बसले. मग म्हणाले, "मी एकदा एका औषधाच्या दुकानाचा फ्रिज दुरुस्त केला आणि प्लग लावायचा विसरून घरी गेलो. सगळी औषधं वाया गेली. दुकानदार म्हणाला, वीज गेली असेल. मी हो म्हटलं." त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली आणि कापडात गुंडाळली. "बावीस वर्षं झाली. अजून त्या रस्त्याने जात नाही."

"मग मी काय करू?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही सांगितलंत तर सांगितलंत. नाहीतर, बर्फ वितळला की काय राहतं? पाणी. मी कुणाला सांगायला जाणार नाही."

मी त्याच दिवशी सरांना सांगितलं, आणि सरांच्या समोर उपग्रहाच्या फोनवरून मॅडमना. पलीकडून काही वेळ नुसती खरखर आली. मग मॅडम म्हणाल्या, "दोन वर्षं मी वाऱ्याला शिव्या देत होते. बरं झालं कळलं. पुढचं उड्डाण कधी?" एवढंच. मी जिच्या भीतीने दोन वर्षं नीट जेवले नव्हते ती गोष्ट पाऊण मिनिटात संपली.

फुंकरीऐवजी आता काय, हा प्रश्न होता. काकांनी डॉक्टरांच्या रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा मागितला. तो दाबला की कोरडी, बाहेरची गार हवा नळीत जाणार. डॉक्टर म्हणाले, "आणि मी तुमचे रक्तदाब कसे तपासायचे?"

"अंदाजाने तपासा," मी म्हटलं. "मी दोन वर्षं विमानं तशीच उडवली." काका इतके हसले की पोटाशी धरलेली बॅटरी खाली पडली. त्या दिवसापासून माझा जीव हलका झाला.

उड्डाणं सुरू झाली. एक गेलं, आलं. दुसरं गेलं, आलं. प्रत्येक वेळी विमान लांबवर ठिपक्यासारखं दिसलं की काका हातातलं काम टाकून बाहेर यायचे आणि ते टेकेपर्यंत टोपी काढून उभे राहायचे. सर ओरडायचे, "काका, कान जातील!" कान नाही गेले, पण डाव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे त्या मोसमात कायमचे बधिर झाले.

नववं उड्डाण मला सगळ्यात जास्त आठवतं. समुद्रावरचा बर्फ एका जागी फाटला होता आणि त्या भेगेतून उघडं पाणी दिसत होतं. आम्हाला नेमकी तिच्यावरची हवा हवी होती. विमान एकाहत्तर किलोमीटर गेलं, खाली उतरलं आणि बर्फावरून तीस मीटर उंचीने भेग ओलांडू लागलं. पडद्यावरचे आकडे धावायला लागले. बर्फावर उणे एकतीस. भेगेवर आल्याबरोबर उणे चोवीस, दमटपणा सरसर वर. कॅमेऱ्यात पाण्यातून निघणारी वाफ दिसत होती, तव्यावर पाणी शिंपडावं तशी. भेग ओलांडून विमान पुन्हा बर्फावर आलं आणि वर चढू लागलं, तर थंडी कमी होत गेली. दीडशे मीटरवर उणे बावीस.

काका माझ्या मागे उभे होते. "वर जाऊन गरम?" ते म्हणाले. "यंत्र बिघडलं वाटतं."

"नाही काका, इथे असंच असतं. गार हवा जड, ती बर्फावर बसून राहते. वरची गरम हवा तिच्यावर झाकणासारखी."

ते एकदम खाली वाकून पडद्यात बघू लागले. "अहो, हा तर आडवा फ्रीझर! झाकण उघडलं तरी गार हवा आतच बसते, म्हणून दुकानात आडवे ठेवतात." मग त्यांनी भेगेच्या जागेवर बोट ठेवलं. "आणि हे दाराचं रबर फाटलंय. इथून उष्णता निसटते आहे. किती निसटते ते तुम्हाला मोजायचंय."

माझ्या प्रबंधात जे मी चाळीस पानांत लिहिलं ते एवढंच होतं.

त्या मोसमात आम्ही सोळा उड्डाणं केली. पंधरा परत आली. शेवटचं गेलं ते ऐंशी किलोमीटरवर समोरच्या वाऱ्यात सापडलं. बॅटरी झिजत गेली, विमान जागच्या जागी झगडत राहिलं आणि पडद्यावरची रेघ थांबली. यावेळी मी रडले नाही. काका मात्र बाहेर जाऊन गोफणीजवळ उभे राहिले. तासभर आत आले नाहीत. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "माझ्याकडून काही राहिलं का?"

"चला, बघू," मी म्हटलं.

आम्ही कंटेनरमध्ये बसून त्या उड्डाणाची नोंद ओळ न् ओळ वाचली. बॅटरीचं तापमान, मोटरी, नळी, वजन, सगळं. दीड तास लागला. काही राहिलं नव्हतं. "नाही काका," मी म्हटलं. "या वेळी खरंच वारा होता." त्यांनी मान हलवली, वही मिटली आणि म्हणाले, "मग चहा पिऊ."

त्यानंतर ते आणखी दोन मोसम आले. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला. साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि परत आपल्या दुकानात बसू लागले. आता विमानं तयार येतात, नळीला आतून ऊब देणारी तार असते, बॅटऱ्या स्वतःला गरम ठेवतात. नव्या मुलींना मी पोटाशी बॅटरी धरून बसायच्या गोष्टी सांगते तेव्हा त्या माझ्याकडे अशा बघतात की जणू मी बैलगाडीच्या काळातली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या त्या मोजमापांवर संस्थेत एक मोठा कार्यक्रम झाला. मी काकांना आग्रहाने बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते आले, दुसऱ्या रांगेत बसले, आणि माझं भाषण सुरू झाल्यावर चौथ्या मिनिटाला झोपले. काकूंनी दोनदा कोपराने ढोसलं, उपयोग झाला नाही. चहाच्या वेळी मात्र ते सभागृहाच्या एसीवाल्याशी तावातावाने बोलताना सापडले.

त्यांना घरी सोडायला मीच गाडी काढली. काकू मागे बसल्या होत्या, काका माझ्या शेजारी. रस्ता गर्दीचा होता, आम्ही हळूहळू चाललो होतो. काका म्हणाले, "ताई, माझ्या धंद्यात माणूस मला कधी बोलावतो? बिघडल्यावर. दार उघडणाऱ्याचं तोंड वाकडंच असतं. आईस्क्रीम वितळलेलं असतं, दूध नासलेलं असतं. मी नीट करून निघालो की दार बंद. चालू झालेल्या फ्रिजजवळ मी कधी थांबलोच नाही."

"मग?"

"तिथे थांबता आलं. आपण केलेलं उडायचं, लांब जायचं, आणि परत यायचं. आणि मी तिथेच उभा असायचो." ते खिडकीबाहेर बघत हसले. "फार मजा आली, बरं का."

मागून काकू म्हणाल्या, "मला हे कधी बोलला नाहीत."

"तू विचारलंस का?"

"मी मोजे विणत होते," काकू म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो.

त्यानंतर दीड वर्षाने ते गेले. मी तेव्हा बर्फावर होते. त्यांच्या मुलीचा निरोप सकाळी मिळाला. त्या दिवशी हवा स्वच्छ होती आणि उड्डाण ठरलेलं होतं, ते आम्ही केलं. विमान सव्वाचार तासांनी दिसू लागलं तेव्हा माझ्या तुकडीतली एक नवी पायलट मला म्हणाली, "ताई, टोपी घाला ना, कान जातील." मी म्हटलं, "थांब जरा, टेकू दे."